विहीर धरते

चाळिशीला आलेल्या सख्ख्या भावाच्या कानाखाली वाजवायला कुणाचाही हात जरा अडखळेल. करंट सरांचा हात तेवढाही अडखळला नाही. भर अंगणात, स्वतःच्या बायकोसमोर त्यांनी धाकट्याला अशी ठेवून दिली की त्याच्या हातातला चहाचा पेला उडाला आणि भिंतीवर आपटून फुटला.

करंट हे त्यांचं नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. बावीस वर्षं ते विज्ञान शिकवत होते, आणि त्यांची थप्पड बसली की कानापासून मानेपर्यंत मुंग्या येत. पोरांकडून ते नाव गावानं उचललं आणि शेवटी ते बायकोच्या तोंडातही बसलं. अर्थात सर घरी नसताना.

भांडण पाण्यावरून होतं. खालची विहीर तळाला गेली होती. दिवसाकाठी चार हंडे गढूळ पाणी निघे, ते घराला पुरत नव्हतं, मग मळ्याला काय मिळणार? वांगी करपली होती, मिरचीनं मान टाकली होती. मळ्याच्या वरच्या अंगाला एक जुनी बांधीव विहीर होती, पाच पुरुष, म्हणजे तीसेक फूट खोल. सर आठ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी तिच्यावर दगडी फरशा टाकल्या, त्या कुणी हलवल्या नव्हत्या. सर म्हणत होते की आता फरशा काढायच्या, गाळ उपसायचा, पाणी लागणारच. धाकटा मात्र ऐकत नव्हता.

"दादा, ती विहीर धरते."

"धरते म्हणजे काय करते? हात आहेत तिला?"

"मग बाबांनी उगाच झाकली का? आपला गडी उतरला तो वर आलाच नाही. तू तर तिथेच उभा होतास."

"प्यायलेला असेल. पाय घसरला असेल. विज्ञानाच्या मास्तराच्या घरात हे असलं बोलायचं नाही."

"मास्तर तू आहेस, मी नाही," धाकटा म्हणाला. "मला भीती वाटते."

तेव्हा ती थप्पड बसली. गाल धरूनच धाकट्यानं अंगणातली रिकामी बादली लाथेनं उडवली आणि मळ्याकडे निघून गेला. सरांच्या बायकोनं काचा गोळा केल्या. एक काच तिच्या बोटात शिरली, ती तिनं दातांनी काढली.

विहीर उघडायची ठरली. दुसरं काही ठरण्यासारखं नव्हतंच.

सरांचं शिकवण्याबद्दल एक ठाम मत होतं. पोराच्या डोक्यात गोष्ट शिरायची तर आधी कातडीतून वाट पाडावी लागते. ते स्वतः तसेच शिकले होते. त्यांच्या मास्तरांनी बोटांच्या पेरांवर रुळाची कड मारून मारून त्यांच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं होतं: कार्बन डायऑक्साइड हा रंगहीन, गंधहीन, हवेपेक्षा जड आणि ज्वलनाला मदत न करणारा वायू आहे. एका श्वासात, न अडखळता. ते वाक्य त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की एकदा तापात बडबडतानाही त्यांनी ते अचूक म्हटलं. बायकोला वाटलं होतं, कुणा बाईचं नाव घेतायत.

त्या गुरुवारी आठवीच्या वर्गात तोच धडा होता. सरांनी काचेच्या मोठ्या बरणीत मेणबत्ती लावून ठेवली. दुसऱ्या भांड्यात खायचा सोडा टाकला, त्यावर लिंबं पिळली. फसफस झाली, मग शांत झाली. सरांनी ते भांडं बरणीच्या तोंडावर कलतं धरलं. आतला रस सांडू दिला नाही. ओततायत असं दिसत होतं, पण ओततायत काय ते दिसत नव्हतं. बरणीतली ज्योत आधी बारीक झाली, मग गेली.

पोरं आ वासून बघत राहिली. आणि मागच्या बाकावरून, कुणी विचारलेलं नसताना, भिंगरी उठली.

भिंगरी ही टिकावची मुलगी. टिकाव म्हणजे पंचक्रोशीतला विहिरी खोदणारा. खांद्यावरचा टिकाव खाली ठेवलेला त्याला कुणी पाहिला नव्हता, म्हणून ते नाव. सुट्टीच्या दिवशी पोरगी बापाबरोबर जाऊन मातीच्या पाट्या ओढायची. चौदाव्या वर्षी तिचे तळवे पुरुषासारखे झाले होते. छडी मारली तरी ती हात मागे घेत नसे, आणि याचा सरांना फार राग यायचा. हात मागे घेणारं पोर त्यांना शिकवण्याजोगं वाटे.

"सर," भिंगरी म्हणाली, "ही विहीर धरली."

"काय?"

"बाबा आधी कंदील सोडतात ना विहिरीत. तो विझला की म्हणतात, धरलीय, उतरायचं नाही. हे तसंच झालं. बरणी धरली."

"बरणी धरली!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा वर्ग खिदळला.

सरांना वाटलं, आपल्याला हसतायत. शिवाय तोच शब्द. चार दिवसांपूर्वी घरच्या अंगणात ऐकलेला, अडाण्यांचा, भित्र्यांचा शब्द त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच प्रयोगाला चिकटवला जात होता. पोरगी काय म्हणते आहे ते त्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी फक्त तो शब्द ऐकला.

"पुढे ये. हात."

पहिल्या छडीला तळवा लाल झाला. पाचव्या-सहाव्याला बोटं सुजायला लागली. छडी मोडली तेव्हा ते फुटपट्टी घेऊन सुरू झाले.

"विहीर धरते?"

"पण कंदील विझतो सर. मी बघितलंय."

त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूनं तिच्या तोंडावर मारलं. अंगठी ओठाला लागली, हनुवटीवर रक्त आलं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीची चड्डी ओली झाली, ते सगळ्यांना कळलं आणि कुणीही हसलं नाही.

"लिही," सर म्हणाले. "शंभर वेळा. विहीर धरत नाही."

सुजलेल्या बोटांत पेन्सिल राहीना, तेव्हा भिंगरीनं ती मुठीत धरली. शाळा सुटली तरी ती लिहीत होती. सरांनी मोजून शंभर ओळी तपासल्या, खाली लाल सही केली.

"आता म्हण."

"विहीर धरत नाही."

"पडलेल्या आवाजात नको. पुन्हा."

तिसऱ्या खेपेला ती स्वच्छ, खणखणीत म्हणाली. सरांना बरं वाटलं. पोरगी शिकली होती.

शुक्रवारी टिकाव बायकोला घेऊन मळ्यात आला. दोन दिवस फरशा हटवण्यात गेले. काटेरी झुडपांनी त्यांच्या फटींतून मुळं सोडली होती, ती कुऱ्हाडीनं तोडावी लागली. धाकटा पहारीनं फरशी उचलून धरी, टिकाव तिच्याखाली लाकूड सरकवी आणि दोघे मिळून ती बाजूला लोटत. ऊन असं होतं की पहारीला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी एक फरशी निसटली आणि टिकावच्या अंगठ्याचं नख उलटून गेली. त्यानं एक सणसणीत शिवी दिली, नख उपटून टाकलं, चिंधी बांधली आणि पुन्हा पहार धरली. धाकटा काम करत होता, पण विहिरीकडे पाठ करून.

शनिवारी अर्धी शाळा करून भिंगरी आली. सरही आले. टिकावनं पोरीच्या बोटांकडे पाहिलं.

"सरांनी मारलं?"

"हो."

"मग काहीतरी केलं असशील."

टिकावची बायको मात्र धुसफुसत होती. "बोटं मोडली असती तर दोर कुणी ओढला असता?" ती सरांना ऐकू जाईल असं म्हणाली.

सरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट त्यांना वाटलं, आईबापांना एकदा दाखवावं. त्यांनी भिंगरीला हाक मारून सगळ्यांसमोर उभं केलं.

"सांग ग, विहीर धरते का?"

"नाही."

"नीट. पूर्ण वाक्य."

"विहीर धरत नाही."

टिकाव खुळ्यासारखा हसला. त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि त्याची पोरगी पूर्ण वाक्यात बोलत होती. त्याच्या बायकोनं मान फिरवली. भिंगरी जमिनीकडे बघत उभी होती, तिचे कान लाल झाले होते. धाकट्यानं गालाला हात लावला, जणू ते वाक्यही त्यालाच बसलेली थप्पड होती.

रविवारी सकाळी शेवटच्या फरशा निघाल्या. विहिरीतून कुबट, गार हवा आली. फटींतून पडलेला चाळीसेक वर्षांचा पाला आत कुजला होता. टिकावनं दगड टाकला, तो चिखलात पडल्याचा मऊ आवाज आला.

"चिखल आहे म्हणजे पाणी आहे," तो म्हणाला. "कंदील आण ग."

बायकोनं झोळीतून कंदील काढला, काच पुसली. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "बाबा, कंदील कशाला? विहीर धरत नाही."

हे ती टिकावला सांगत होती, पण बघत होती सरांकडे. वर्गात बरोबर उत्तर दिल्यावर पोरं बघतात तशी. आणि सरांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांचा ऊर भरून आला. मारलेलं वाया गेलं नाही, विहिरी खोदणाऱ्याच्या पोटी जन्मलेली पोर आज बापाला दोन शब्द शहाणपणाचे सांगते आहे, असं त्यांना वाटलं.

टिकाव घुटमळला. कंदील हातात घेऊन त्यानं एकदा विहिरीत पाहिलं, एकदा पोरीकडे, एकदा सरांकडे.

"पोरगी शिकलीय," तो म्हणाला. "आपण आपले अडाणी."

त्यानं कंदील फरशीवर ठेवला आणि टिकाव पाठीला बांधून उतरायला लागला. विहिरीच्या भिंतीतून पाय ठेवायला दगड बाहेर काढलेले होते. एकेक चाचपत तो गेला. निम्म्यावर गेल्यावर म्हणाला, "आत झकास गारवा आहे." मग तळाशी त्याचे पाय चिखलात रुतल्याचा आवाज आला. टिकावाचे दोन घाव ऐकू आले. तिसऱ्याची सगळ्यांनी वाट पाहिली.

"टिकाव?" सरांनी हाक मारली.

वरून अंधूक दिसत होतं, तो दमल्यासारखा खाली बसला होता. मग बसल्या जागीच कलंडला, तोंड चिखलात गेलं, आणि ते काढून घ्यायला त्यानं हातसुद्धा हलवला नाही.

त्याची बायको किंचाळली. धाकट्यानं जमिनीवरचा दोर उचलला आणि कमरेला बांधायला लागला.

"दोर कशाला बांधत बसलास?" सर ओरडले. "माणूस मरतोय तिकडे!"

"असू दे दादा," धाकटा म्हणाला. त्यानं गाठ पक्की मारली, वर दुसरी मारली, दोराचं दुसरं टोक टिकावच्या बायकोकडे फेकलं, आणि मग उतरला. तळ एक पुरुषभर राहिला असताना त्याचा हात दगडावरून सुटला. दोराला हिसका बसला.

सर, टिकावची बायको आणि भिंगरी, तिघांनी दोर ओढला. तळव्यांची सालटं निघाली. धाकट्याचं डोकं भिंतीच्या दगडांवर आपटत वर येत होतं, ते ऐकू येत होतं आणि थांबता येत नव्हतं. काठावर आला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे होते, कपाळ फाटलं होतं. सरांनी त्याला पालथा केला, पाठीत गुद्दे घातले. बऱ्याच वेळानं तो ओकला आणि घरघरत श्वास घ्यायला लागला.

मग सरांनी सदरा काढून फेकला. चष्मा काढला. भावाच्या कमरेचा दोर सोडून आपल्या कमरेला बांधायचंही त्यांना सुचलं नाही. दोन माणसं त्यांच्या शब्दावर आत गेली होती, आता तिसरं कोण उरलं होतं? ते काठावर बसून पहिल्या दगडावर पाय टेकवत होते, तेव्हा भिंगरीनं त्यांच्या दुसऱ्या पायाला मिठी मारली.

"सोड!"

"नाही सर!"

त्यांनी लाथ मारली, ती तिच्या छातीवर बसली. ती सुटली नाही. त्यांनी केस धरून तिचं डोकं मागे ओढलं, तेव्हा तिनं त्यांच्या पोटरीत दात रोवले. दात आत गेल्याचं त्यांना कळलं. ते ओरडले, त्यांनी तिच्या कानावर दिली, नेहमीची, करंटची. तिनं तोंडातलं रक्त थुंकलं आणि पुन्हा तिथेच चावली. शेवटी ते मागे, काठाच्या बाहेरच्या बाजूला कोसळले.

"धरते!" ती त्यांच्या छातीवर बसून किंचाळत होती, मुठींनी मारत होती. "विहीर धरते! धरते, धरते, धरते!"

मग ती उठली. कंदील पेटवला, त्याला दोर बांधला आणि विहिरीत सोडला. सर लंगडत काठाशी आले. दोन पुरुष खाली कंदील नीट जळत होता. तीन पुरुषांवर ज्योत बारीक झाली. मग गेली.

रंगहीन. गंधहीन. हवेपेक्षा जड. ज्वलनाला मदत न करणारा. सरांना वाक्य आठवावं लागलं नाही, ते आपोआप आलं. पण या वाक्याला विहिरीचं तोंड आहे, त्यात माणूस पडू शकतो, हे त्यांच्या मनात आजवर कधी आलं नव्हतं. आठव्या वर्षी याच काठावर त्यांनी गड्याला आत कलंडताना पाहिलं होतं. बाराव्या वर्षी बोटांवर रूळ खात ते वाक्य पाठ केलं होतं. मधल्या एवढ्या वर्षांत दोन्हींची गाठ पडली नाही. ती एका मुलीनं भर वर्गात घालून दाखवली, तर त्यांनी तिचं तोंड फोडलं.

"फांद्या तोडा," भिंगरी म्हणाली. तिच्या आईला कळलं, तिनं कुऱ्हाड घेतली. पाल्याचा मोठा भारा दोराला बांधून दोघी तो विहिरीत वरखाली करायला लागल्या, हापसल्यासारखा. टिकावनं पूर्वी कितीदा तरी तसंच केलं होतं. सरही दोराला लागले. आत कोंडलेलं ढवळून वर काढायला अर्धा तास गेला. पुन्हा सोडलेला कंदील या वेळी तळापर्यंत जळत गेला, आणि त्याच्या उजेडात टिकावची पाठ दिसली.

सर कमरेला दोर बांधून उतरले. टिकावच्या काखेतून दुसरा दोर घातला. त्याचं तोंड चिखलानं भरलं होतं, तो त्यांनी बोटांनी काढला. काढून उपयोग नव्हता, हे त्यांना अंगाला हात लावल्याबरोबर कळलं होतं.

दुपारी टिकावला त्याच्याच अंगणात निजवलं. गाव जमलं. धाकट्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं होतं. सरांची पोटरी फडक्यानं बांधलेली होती, ते कुंपणाशी उभे होते. लोक हळू आवाजात म्हणत होते, अपघात झाला, कुणाचा इलाज नव्हता.

टिकावची बायको नवऱ्याच्या पायाशी बसली होती. बसल्या बसल्या तिची नजर भिंगरीवर गेली. ती उठली, दाराआडची टिकावाची सुटी दांडी तिनं उचलली आणि पोरीच्या पाठीत घातली.

"तू सांगितलंस! कंदील काढला होता मी! पुसला होता!"

दुसरा घाव खांद्यावर बसला. "तुझ्या तोंडानं सांगितलंस! खाल्लंस बापाला!"

भिंगरी पळाली नाही. तिनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि उभी राहिली. आईनं तळव्यांवर मारलं. पोरीनं हात मागे घेतले नाहीत. बायका रडत होत्या, पुढे कुणी येत नव्हतं. बाईचा नवरा गेला होता, तिला कोण अडवणार?

सरांच्या बायकोनं त्यांचा दंड धरला. "अहो, चला घरी. काही बोलू नका. कुणी तुमचं नाव घेत नाहीये. नोकरी आहे, घर आहे. चला म्हणते ना."

खरंच कुणी नाव घेत नव्हतं. भिंगरीही घेत नव्हती. गप्प राहून घरी जाता आलं असतं, सोमवारी शाळेतही जाता आलं असतं. सर दोन पावलं बायकोबरोबर गेले. हे त्यांनी केलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मग मागे दांडीचा आवाज पुन्हा आला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो आवाज त्यांनी ऐकला.

ते परत फिरले. खाली येणारी दांडी त्यांनी हातावर झेलली. मनगटात काहीतरी कट्कन मोडलं.

"तिला नको," ते म्हणाले. "तिनं बरोबर सांगितलं होतं. वर्गात सांगितलं होतं. विहीर धरते, कंदील विझतो. मी तिला मारून मारून उलटं म्हणायला लावलं. शंभर वेळा लिहायला लावलं. टिकावला मी मारलं."

टिकावची बायको त्यांच्याकडे बघत राहिली, जणू ते कुठल्या परक्या भाषेत बोलले. मग तिनं दांडी उचलली आणि त्यांच्या खांद्यावर मारली. पुन्हा मारली. सरांनी मोडका हातही वर केला नाही. गावातलं कुणी पुढे आलं नाही. पाचव्या-सहाव्या वेळेला तिच्यातलं बळ संपलं आणि ती दांडीवर रेलून धापा टाकायला लागली.

भिंगरी सरांसमोर आली. तिचा ओठ सुजला होता, दातांवर अजून त्यांचंच रक्त वाळलेलं होतं.

"मी वर्गात म्हटलं ते बरोबर होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही म्हणालात?"

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं," ते म्हणाले.

भिंगरीनं त्यावर विचार केला. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच सरांना सोसवेना.

"माहीत नव्हतं," ती म्हणाली, "तर मारलं कशाला?"

सरांनी जमिनीकडे पाहिलं, आपल्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं, पुन्हा जमिनीकडे.

"बोला की सर," टिकावची बायको म्हणाली. "पोरगी विचारतेय."